निळी पिंपं

बी.ए. झाल्यावर पेणमध्ये माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक गणपतीच्या कारखान्यात रंगकाम, दुसरी लग्न. रंगकाम माझ्या वडिलांनी जन्मभर केलं होतं. त्यांच्या नखांच्या कडांतला रंग कधी गेला नाही, आणि मुलीच्या हाताला तो लागू नये असं त्यांना वाटे. लग्न जमत नव्हतं. अशात रोह्याच्या एका संस्थेला कार्यकर्ती हवी असल्याचं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी रोह्याला गेले. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. 'पर्यावरण' हा शब्द सभांतून नुकताच ऐकू येऊ लागला होता, आणि जो हा शब्द उच्चारी त्याला पुढची खुर्ची मिळे.

कचरा कमी करा, वस्तू पुन्हा वापरा, पाणी आणि वीज जपा, हे लोकांना शिकवायचं, असा संस्थेचा उद्देश होता. अध्यक्ष होते एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांची पत्नी उपाध्यक्ष, त्यांना मॅडम म्हणायचं. बाकी सभासद म्हणजे कॉलनीतल्या अधिकाऱ्यांच्या बायका. दर शनिवारी बैठक व्हायची. बैठकीत पृथ्वीची काळजी केली जायची आणि मग थर्मोकोलच्या ताटल्यांत बटाटेवडे यायचे. त्या ताटल्या गोळा करून इमारतीमागच्या नाल्याकडे टाकणं हे माझं काम. पहिल्या शनिवारी मला वाटलं, कुणीतरी काहीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. मीही नाही. पगाराचं काम मिळालं होतं आणि मला ते हवं होतं.

मॅडम 'टाकाऊतून टिकाऊ'ची शिबिरं घ्यायच्या. दुधाच्या पिशव्यांच्या पर्सा, फुटक्या बांगड्यांची तोरणं, बाटलीला सुतळी गुंडाळून केलेली फुलदाणी. हे सगळं घेऊन आम्ही जीपमधून गावोगाव जायचो. जिते, नागोठणे, मग वडखळ ओलांडून धरमतरकडे खाडीकाठची गावं. तिथल्या बायका मिठागरावरून पाय धुऊन यायच्या आणि सतरंजीवर गप्प बसायच्या. त्या जन्मभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आलेल्या. मॅडम त्यांना जुन्या साडीपासून पायपुसणं कसं करायचं ते शिकवायच्या, आणि जमलं की टाळ्या वाजवायच्या. लहान मूल पहिल्यांदा उभं राहिलं की वाजवतात तशा.

एका शिबिरात मॅडमनी फुलदाणी फिरवून दाखवली आणि काही शंका आहे का असं विचारलं. मागून एक बाई म्हणाली, "फुलं आनू आमी. पन त्यांना पानी कुटलं घालू?"

मॅडमना ते समजलंच नाही. त्या हसल्या आणि छान प्रश्न आहे म्हणाल्या.

त्या बाईला मी पुढे काकी म्हणू लागले. चाळिशीची, काटक, खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडलेली. दुसऱ्या आठवड्यात मी घरोघरचा तक्ता भरायला तिच्याकडे गेले. तक्त्यात एक रकाना होता, 'घरातील कचऱ्याचे प्रकार'. मी विचारलं तशी ती इकडेतिकडे बघू लागली, काही सापडलं तर द्यावं म्हणून. मासळीची खवलं कोंबड्या खात होत्या. राख भांड्यांना लागत होती. खताची गोणी उसवून तिने ओट्यावर पडदा केला होता, फाटलं जाळं भाजीच्या वाफ्याला कुंपण झालं होतं. तेलाच्या डब्यात तांदूळ होते. शेवटी ती ओशाळून म्हणाली की तिच्याकडे सध्या नाही. मी तो रकाना रिकामा ठेवला. रोह्याला आल्यावर मॅडम म्हणाल्या, काहीतरी लिही, रिकामं बरं दिसत नाही. मी 'प्लास्टिक' लिहिलं.

खाडीच्या त्या पट्ट्यात प्यायच्या पाण्याचे हाल कुणाला ठाऊक नव्हते असं नाही. नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, तोही वेळ सांगून नाही. तो आला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या आणि हंडे, कळशा, डबे, पातेली, जे असेल ते भरायच्या. साठवायला पुरेशी भांडी नव्हती. काकीने मला एवढंच सांगितलं होतं की वर्गणी काढून काही द्यायचंच असेल तर पाणी साठवायला द्या, फुलदाण्या नकोत. ते मी अहवालात लिहिलं. चांगल्या बुद्धीने लिहिलं. पुढचं सगळं त्या माझ्या एका ओळीतून निघालं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

साहेबांनी ती ओळ वाचली आणि त्यांना कल्पना सुचली. ते ज्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, तिथे रसायनं निळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिंपांतून येत. रिकामी पिंपं मागच्या आवारात पडून असत आणि नागोठण्याचा एक भंगारवाला ती उचलून नेत असे. साहेब म्हणाले, हीच पिंपं धुऊन खाडीकाठच्या गावाला दिली तर? कंपनीचा कचरा गेला, गावाची सोय झाली, संस्थेचं नाव झालं. शनिवारच्या बैठकीत एका दगडात तीन पक्षी मारले गेले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

यापुढे पिंपं मिळणार नाहीत, हे भंगारवाल्याला सांगायला मला पाठवलं. चिठ्ठी घेऊन मी नागोठण्याला गेले. हमरस्त्यालगत त्याचं आवार होतं. साठीचा माणूस, पांढरी टोपी, बरीच वर्षं आखातात काढून परत आलेला. त्याला सगळे चाचा म्हणत. तिकडे तो बंदरात टाक्या साफ करण्याच्या कामावर होता, हे मला नंतर कळलं. संस्थेत त्याच्याबद्दल नेहमी नाक मुरडून बोललं जायचं. भंगारवाले म्हणजे लुटारू, असं मॅडमचं मत होतं. तालुक्यातलं लोखंड, काच, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा हा एकटा माणूस दर महिन्याला कचऱ्यातून परत कामाला लावत होता. तेवढं आमच्या संस्थेकडून दहा वर्षांत झालं नसतं, पण त्याच्याकडे लेटरहेड नव्हतं.

त्याने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पिंपं कशाला हवीत ते विचारलं. मी सांगितलं. त्याने मला आवारात आत नेलं आणि एका पिंपाचं झाकण काढून म्हणाला, वास घे.

मी वाकले. नखं रंगवायच्या रंगासारखा गोडसर वास आला आणि डोळे चुरचुरले. हे पिंप तीनदा धुतलंय, असं तो म्हणाला.

"बेटी, मी ही पिंपं उभी कापून पुढं पाठवतो. गुरांच्या पाण्यालासुद्धा कुणाला देत नाय. तुझ्या साहेबाला म्हणावं, पाण्याला देऊ नको."

परतताना एसटीत मी त्याच्यावर चिडलेच होते. त्याचा माल जातोय म्हणून बोलतोय, असं मला वाटत होतं. तसं वाटून घेणं सोपं होतं. तरी साहेबांना मी सगळं सांगितलं, वासाचंसुद्धा. साहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला शांतपणे समजावलं की त्यांनी तीस वर्षं प्लांट चालवला आहे, पिंपं सोड्याने धुऊन घेतली जातील, आणि कुठल्या रसायनाचं काय होतं हे भंगारवाल्याकडून शिकण्याची वेळ अजून त्यांच्यावर आलेली नाही. मॅडम आतून म्हणाल्या, त्याचा धंदा बुडतोय ना. मी मान हलवली. साहेबांच्या घरात पाण्याचं फिल्टर भिंतीवर होतं, माझ्या अगदी समोर. एक पिंप तुमच्या मोरीत ठेवा, असं म्हणायचं माझ्या मनात आलं होतं. मनातच राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्यक्रम झाला. गावच्या देवळापुढे मांडव घातला, कापडी फलक लावला. पंचवीसेक पिंपं टेम्पोतून आली. एकावर झेंडूचा हार घालून ते मधोमध उभं केलं आणि फोटोत रिकामं दिसू नये म्हणून टँकरच्या पाण्याने भरून ठेवलं. रोह्याहून फोटोग्राफर आणला होता. साहेब बराच वेळ बोलले. तुम्ही ज्याला कचरा समजता ती खरी संपत्ती आहे, असं त्यांनी त्या बायकांना सांगितलं. ज्यांच्या घरात मला तक्त्यात लिहायला कचरा सापडला नव्हता, त्या बायकांना.

भाषण संपल्यावर काकी उठली. तिच्या हातात ताटली होती आणि त्यात स्टीलचा पेला. पाहुण्याला उन्हातून आल्यावर पाणी द्यायचं, तेवढाच तिचा हेतू होता. मला तिचा चेहरा आठवतो, त्यात दुसरं काही नव्हतं. हार घातलेल्या पिंपातून तिने पेला भरला आणि साहेबांपुढे धरला.

"घ्या साहेब. आदी तुमी प्या."

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाले की ते उकळलेलंच पाणी पितात, डॉक्टरांनी सांगितलंय. ड्रायव्हरला त्यांनी जीपमधला थर्मास आणायला सांगितलं. मॅडमनीही थर्मासातलंच घेतलं. काकीने ताटली तशीच धरून ठेवली होती. आता परत कशी न्यायची, म्हणून ती माझ्याकडे वळली.

मी पेला घेतला. तोंडापर्यंत नेला. झेंडूच्या वासाखालून तो गोडसर वास आला, अगदी थोडा. मी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, काकी, आत्ताच चहा झालाय.

काकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या थर्मासाकडे. "बरं," एवढंच म्हणाली, आणि पेल्यातलं पाणी तुळशीत न ओतता अंगणाच्या कडेला टाकून आली.

साहेबांचा मला राग येतो तो वेगळा. ते अडाणी नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांना फक्त स्वतःच्या चांगुलपणाची इतकी खात्री होती की त्यांच्या हातून गेलेली वस्तू वाईट असू शकेल हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. माझं तसं नव्हतं. मला वास आला होता. दोनदा.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या गावाला गेले नाही. मी अल्बममध्ये फोटो चिकटवत होते. मग एका सकाळी पेणला आमच्या दारात काकी उभी. ती आमच्या घरी कधी आली नव्हती. विचारत विचारत गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतून आली होती. आई तिला बस म्हणाली तर बसली नाही.

"चल," ती मला म्हणाली. "दवाखान्यात चल. बघ."

वाटेत तिने सांगितलं. बहुतेक बायकांनी त्याच दिवशी पिंपं उपडी केली होती. काहींनी त्यांत सरपण भरलं, कुणी त्यावर कपडे वाळत घातले. तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं, ज्यांनी दिलं ते पीत नाहीत, आपण पिऊ नये. पण एका घराने ऐकलं नाही. त्या घरातला पुरुष बार्जवर खलाशी होता, पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. बायको पहाटेपासून मिठागरावर. नळ आला की भरायला घरात दोन लहान मुलींखेरीज कुणी नाही. तिला पिंप म्हणजे देवच भेटल्यासारखं झालं होतं. एकदा भरलं की आठवडा निघत होता.

सरकारी दवाखान्यात दोघी बहिणी एकाच खाटेवर होत्या. तोंडात फोड आले होते, ओठ सुजले होते, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. धाकटीला सलाइन लावलं होतं. डॉक्टरांनी पाणी कशात ठेवता ते विचारलं होतं आणि पिंपाचं कळल्यावर ते ताबडतोब बंद करायला सांगितलं होतं. मुलींची आई खाटेच्या पायाशी बसली होती. ती मला शिव्या देईल असं मला वाटलं. द्यायला हव्या होत्या. तिने मला ओळखलं आणि हळूच विचारलं की राखेने चांगलं घासलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, तर ते पिंप परत वापरता येईल का. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

नाही, मी म्हणाले.

मुली वाचल्या. मोठी लवकर सुटली, धाकटीला बारा दिवस ठेवावं लागलं. दवाखान्यातून त्याच दुपारी मी रोह्याला गेले आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की पिंपाबरोबर सूचनांचा कागद दिला होता, त्यात वापरापूर्वी स्वच्छ धुण्याचं स्पष्ट लिहिलं होतं. त्या बाईला वाचता येत नाही, मी म्हणाले. तो संस्थेचा दोष नाही, ते म्हणाले, तो साक्षरतेचा प्रश्न आहे. मॅडम म्हणाल्या की त्या लोकांचे हातच स्वच्छ नसतात, पाण्यात हात घालतात, मग पोटं बिघडतात. आणि उगाच बाहेर बोलू नकोस, चांगल्या कामाला नाट लागते.

वार्षिक अहवालात 'लाभार्थींमध्ये स्वच्छतेविषयी प्रबोधनाची गरज दिसून आली' असं वाक्य घालायचं ठरलं. ते लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं नाही. फार मोठं काही केलं असं नाही. मॅडमनी ते स्वतः लिहिलं, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

दवाखान्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नागोठण्याला चाचाकडे गेले. मी काय सांगणार हे मला पाहताच त्याला कळलं असावं. मी तुला सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. सगळं ऐकून मुली कशा आहेत ते विचारलं, गावाचं नाव विचारलं, आणि उद्या दुपारी येतो म्हणाला. आला तो टेम्पो घेऊन. टेम्पोत पामतेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणि झाकणाचे कॅन होते, आचाऱ्यांकडून उचलून त्याने कढत पाण्याने धुऊन आणलेले. पिंप द्या, डबे घ्या, असा सरळ व्यवहार त्याने मांडला. पिंपं नुसती नेली नाहीत. तिथेच अंगणात आडवी पाडून करवतीने उभी कापली, कुणी पुन्हा भरू नयेत म्हणून. काकी एक टोक पायाने दाबून धरायची आणि तो कापायचा. ऊन चढलं तरी दोघं थांबली नाहीत. एका माणसाला पिंप डांबर ठेवायला हवं होतं, तो देईना. चाचाने त्याच्याशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी तेही कापलं. मी कापलेले तुकडे टेम्पोत भरत होते. हातमोजे नव्हते, रात्री बोटांची आग झाली.

संस्थेच्या दोन वर्षांत पुनर्वापराचं मी केलेलं तेवढंच एक काम, आणि ते संस्थेचं नव्हतं.

मी राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचून मला चांगल्या शब्दांचं प्रमाणपत्र दिलं, कष्टाळू आणि आज्ञाधारक. आज्ञाधारक हा शब्द खरा होता. त्या पावसाळ्यानंतर अलिबागला कुठल्याशा सोहळ्यात संस्थेला पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आला होता, शाल, श्रीफळ, साहेब आणि मॅडम. खाली बातमीत खाडीकाठच्या गावाला दिलेल्या 'जलसंचय पात्रांचा' उल्लेख होता. ती पात्रं तोवर कापून, दळून दुसरीकडे कुठेतरी बादल्या झाली असतील.

मला पुढे पेणमध्येच एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. दशक संपता संपता शाळेत एक कार्यक्रम ठरला आणि प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांना बोलावलं गेलं. ते आता जिल्ह्यातले पर्यावरणाचे जाणकार होते. मी व्यासपीठावर पाण्याचे पेले ठेवत असताना ते माझ्याजवळून गेले. त्यांनी ओळखलं नाही. मुलांना त्यांनी सांगितलं की कचरा असं काही नसतंच, असते फक्त आपली दृष्टी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना टाळ्या वाजवायला सांगितलंच होतं.

आभार मानायचं काम मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण मी पूर्वी त्या संस्थेत होते हे त्यांना ठाऊक होतं. भाषण संपायच्या आत मी मुख्याध्यापिकांच्या खुर्चीजवळ गेले आणि मला हे जमणार नाही असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "या माणसाचे आभार मी मानणार नाही." त्या गोंधळल्या, पण वेळ नव्हता. त्यांनी शेजारच्या शिक्षिकेला खूण केली. तिने कागदही न घेता फार सुंदर आभार मानले, साहेबांच्या कार्याला वंदन केलं, आणि गुच्छ दिला. माझ्या नकाराने कुणाचं काही अडलं नाही. मी कार्यालयात गेले आणि दाखल्यांवर शिक्के मारत बसले.